वंशावळीत चूक सापडल्यावर पुढे काय करावे

घराण्याची वंशावळ जुळवताना चुका होतात, कारण कागद अपुरे असतात, सांगणारी माणसे वयोवृद्ध असतात आणि एकाच घरात तीच ती नावे पिढ्यानपिढ्या फिरत राहतात. चूक लक्षात आली की बहुतेक जण ते नाव खोडतात, त्या जागी बरोबर नाव लिहितात आणि पुढच्या कामाला लागतात. एवढ्यावर थांबले तर चुकीचे मूळ वहीत तसेच राहते, कारण ज्या गैरसमजुतीमुळे एक नाव चुकले, त्याच गैरसमजुतीने आणखी चार-पाच नोंदी केलेल्या असतात. म्हणून ही चूक वहीत शिरली कशी, हे आधी शोधावे आणि ज्या वाटेने ती शिरली त्या वाटेने आलेली प्रत्येक नोंद मूळ कागदाशी पुन्हा ताडून पाहावी. या कामाला वेळ लागतो. पण वंशावळ एकदा नातेवाइकांत वाटली गेली की तिच्यातली चूक पुढची पिढी पुरावा म्हणून वापरते, हे ध्यानात घेतले तर हा वेळ जास्त वाटत नाही.

हे जमण्यासाठी मुळात वही तशी ठेवलेली असावी लागते. कागदावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवावा, त्याखाली तो कोठे पाहिला ते लिहावे (गाव, तालुका, नोंदवहीचे नाव, फेरफार क्रमांक, पान, पाहिल्याची तारीख) आणि त्यावरून आपण काढलेले अनुमान वेगळ्या शाईने, वेगळ्या ओळीत नोंदवावे. फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलाच्या नोंदीत, ‘मयत रामजी यांचे वारस मुलगे १. गोविंद २. धोंडी’ एवढेच असेल, तर तेवढेच लिहावे. ‘गोविंद थोरला’ हे त्या कागदात लिहिलेले नाही. पहिले नाव थोरल्याचे असण्याची शक्यता मोठी असली तरी ते आपले अनुमान आहे. हा भेद वहीत पाळला नाही तर दोन वर्षांनी आपल्यालाच तो कळेनासा होतो. मोबाइलने फोटो घेताना पूर्ण पान घ्यावे, समास आणि शेऱ्याचा रकाना वगळू नये. पुष्कळदा महत्त्वाची गोष्ट शेऱ्यातच असते.

एकाच नावाची दोन माणसे

सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आपल्याकडे अनेक घरांत होती आणि आजही आहे. समजा, एक गोविंद रामजी होता. त्याच्या मुलाचे नाव आजोबांवरून रामजी ठेवले, म्हणजे तो रामजी गोविंद झाला. त्याच्या मुलाला पुन्हा गोविंद हे नाव मिळाले आणि तो गोविंद रामजी झाला. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि गाव ही चारही जुळत असूनही माणसे दोन आहेत आणि त्यांच्यामध्ये एक अख्खी पिढी आहे. ही दोन माणसे एक मानली की मधला रामजी वगळला जातो, आजोबांची मुले नातवाच्या खात्यावर जमा होतात आणि पुढचे सगळे चुलत संबंध दोन पायऱ्यांनी सरकतात.

यावर उपाय सोपा आहे, पण तो प्रत्येक व्यक्तीला लावला पाहिजे. एखाद्या नावाचा पहिला उल्लेख कोणत्या सालातला आणि शेवटचा कोणत्या सालातला, हे त्या नावासमोर लिहावे. अंतर सत्तर वर्षांच्या पुढे गेले तर दोन माणसांचा संशय घ्यावा. त्याचप्रमाणे वडील आणि मुलगा यांच्या वयांतील अंतर सरासरीने पंचवीस ते तीस वर्षे धरून हिशेब करावा. दीडशे वर्षांत तीनच पिढ्या दिसत असतील तर दोनएक पिढ्या गळाल्या आहेत असे समजून शोध घ्यावा. लहानपणी वारलेल्या मुलाचे नाव पाठच्या भावाला दिल्याचीही उदाहरणे आढळतात, त्यामुळे जन्माची नोंद मिळाली म्हणजे ती त्याच माणसाची, असे लगेच धरू नये.

टोपणनावे आणि आदराची नावे यांनी हा गोंधळ आणखी वाढतो. पेशवाईच्या इतिहासात ‘नाना’ या नावाने तीन माणसे प्रसिद्ध आहेत: १७६१ मध्ये वारलेले नानासाहेब पेशवे म्हणजे बाळाजी बाजीराव, १८०० मध्ये वारलेले नाना फडणीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, आणि १८५७ च्या उठावातील नानासाहेब म्हणजे दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र धोंडोपंत. यांपैकी पहिल्या दोघांचे मूळ नावही एकच आहे. ही माणसे सर्वांना ठाऊक असल्यामुळे आपण त्यांच्यात घोटाळा करीत नाही, परंतु आपल्याच घरातील दोन अण्णा आणि तीन तात्या यांच्याबाबत ती काळजी घेतली जात नाही. आत्या ‘दादा’ म्हणते तेव्हा ती स्वतःच्या भावाबद्दल बोलते, आणि तिचा मुलगा ‘दादा’ म्हणतो तेव्हा बहुधा दुसऱ्याच कोणाबद्दल. म्हणून मुलाखत घेताना नावावर न थांबता नात्याने विचारावे: ‘हे दादा म्हणजे तुमच्या वडिलांचे थोरले चुलते का?’ आणि उत्तरात आलेले नातेही वहीत लिहावे. अशी एक चूक सापडली की त्याच व्यक्तीने सांगितलेली सगळी टोपणनावे पुन्हा तपासावीत.

सातबारा आणि फेरफार वाचताना

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीची पद्धत १९०३ च्या कायद्याने आली आणि त्यानंतरचे फेरफार हा शेतकरी घराण्यांच्या इतिहासाचा फार मोठा आधार आहे. हे कागद जमिनीच्या हिशेबासाठी लिहिलेले आहेत, वंशावळीसाठी नव्हेत, एवढे लक्षात ठेवून ते वाचावेत.

नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.क.’ असे लिहिलेले असेल तर ती व्यक्ती एकत्र कुटुंबाची मॅनेजर अथवा कर्ता म्हणून लागलेली आहे. तिचे धाकटे भाऊ हयात असूनही उताऱ्यावर नसतात. उताऱ्यावर एकच नाव आहे म्हणून तो एकुलता एक होता, असे लिहिणे ही फार मोठ्या प्रमाणावर आढळणारी चूक आहे. पुढे वाटणीचा फेरफार सापडला की भाऊ आणि पुतणे अचानक प्रकट होतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजेच अल्पवयीन वारसाचा पालक. ‘दगडू रामजी अ.पा.क. चुलता धोंडी’ अशी नोंद घाईने वाचणारा धोंडीला बाप करून टाकतो. हीच नोंद नीट वाचली तर पुष्कळ देते: त्या तारखेला दगडू अठरा वर्षांच्या आतला होता, म्हणजे नोंद १९२६ ची असेल तर त्याचा जन्म १९०८ नंतरचा ठरतो, आणि पालनकर्ता म्हणून चुलत्याचे नाव आहे त्या अर्थी वडील बहुधा हयात नव्हते.

जुन्या कागदांत नावांमध्ये येणारे ‘बिन’ आणि ‘वल्द’ हे शब्द मुलगा असल्याचे सांगतात, तर ‘कोम’, ‘भ्रतार’ आणि ‘मर्द’ यांच्यापुढे नवऱ्याचे नाव असते. ‘सखू भ्रतार बापू’ यातील बापू हा सखूचा बाप समजला गेला, तर त्या बाईचे सासर माहेर होऊन बसते. असा एक प्रमाद आढळला तर त्या तालुक्यातून उतरवलेल्या सगळ्या स्त्रियांच्या नोंदी पुन्हा पाहाव्यात, कारण त्या भागातील लेखनिकांची लिहिण्याची रीत सारखीच असते आणि आपली वाचण्याची रीतही.

वारसनोंदीची तारीख ही मृत्यूची तारीख नसते. माणूस वारल्यावर दहा-पंधरा वर्षांनी, कर्ज काढायची किंवा वाटणी करायची वेळ आल्यावर वारस लावून घेतल्याची उदाहरणे गावोगावी आहेत. त्या फेरफाराने एवढेच सिद्ध होते की त्या तारखेपूर्वी तो वारला होता, आणि वहीत तसेच, ‘अमुक सालापूर्वी’ असे, लिहावे. आणखी एक सापळा कुळकायद्याचा आहे. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणाऱ्या कुळांना जमिनीची मालकी मिळू लागली, त्यामुळे त्यानंतरच्या उताऱ्यावर दिसणारे नवे नाव आधीच्या खातेदाराच्या मुलाचे नसून कुळाचे असू शकते. कूळ भावकीतलेच असेल आणि आडनावही एकच असेल तर हा फरक केवळ फेरफाराचा पूर्ण मजकूर वाचूनच कळतो. उताऱ्यावरची एकाखाली एक आलेली नावे म्हणजे वंशावळ, ही समजूत सोडून द्यावी.

सन, शक आणि आठवणीतली साले

शालिवाहन शक चैत्रात सुरू होतो, म्हणून शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मात्र जानेवारीपासून वर्ष संपेपर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. पानिपतची लढाई शके १६८२ च्या पौषातली आहे आणि ती १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. सरसकट ७८ मिळवणारा तिला १७६० मध्ये नेऊन ठेवील. मराठेशाहीच्या कागदांतील अरबी सन, ज्याला सुहूर सन म्हणतात, मृगाच्या सुमारास पालटतो आणि शब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. वर्षाच्या आरंभापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि त्यानंतर ६०० मिळवावेत. पानिपतचे वर्ष याही हिशेबाने बरोबर जुळते. मराठवाड्यातील निजामी कागदांवरचा फसली सन ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असे आणि त्यात ५९० मिळवावे लागतात, जानेवारीनंतरच्या महिन्यांना ५९१. १९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाई फसली १३५७ मध्ये पडते. उत्तर हिंदुस्थानातल्या फसलीचा फरक याहून वेगळा आहे, त्यामुळे कोणत्या मुलखाचा कागद आहे हे पाहिल्याशिवाय हिशेब करू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूळ सन जसाच्या तसा वहीत ठेवावा आणि इसवी सन त्याच्या शेजारी लिहावा. ज्यांनी फक्त इसवी सन लिहून ठेवला, त्यांना एका वर्षाची चूक कोठे झाली हे नंतर शोधताच येत नाही.

शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीतील ‘१ जून’ ही जन्मतारीख दिसली की ती खरी आहे असे समजू नये. पूर्वी मुलाला शाळेत घालताना गुरुजी अंदाजाने वय ठरवून १ जून लिहीत, आणि त्या अंदाजात एक-दोन वर्षांचाही फरक पडे. गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातली जन्माची नोंद मिळाली तर ती पाहावी. तेथे मुलाचे नाव पुष्कळदा नसते, बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते, म्हणून तो नेमका कोणता मुलगा हे भावंडांच्या वयांवरून ठरवावे लागते.

आठवणीतल्या सालांचा अर्थ लावताना घाई करू नये. ‘छप्पन्याच्या दुष्काळात आजोबा घर सोडून गेले’ असे एखादी आजी सांगते तेव्हा तो विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ असतो. तो १९५६ साली घातला तर दोन पिढ्या पुसल्या जातात. ‘बहात्तरचा दुष्काळ’ मात्र इसवी सन १९७२ चाच. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ १९१८ ची, म्हणून ‘मानमोडीत गेली’ यावरून साल बऱ्यापैकी पक्के होते; ‘प्लेगात गेले’ यावरून होत नाही, कारण १८९६ मध्ये मुंबईत प्रकटलेला प्लेग पुढची कितीतरी वर्षे फिरून फिरून येत राहिला.

आडनाव, गाव आणि जिल्हा

एकच आडनाव म्हणजे एकच कूळ, हे गृहीत धरून सुरू केलेला शोध बहुतेक वेळा चुकीच्या घरात जातो. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील, जोशी ही हुद्द्यावरून किंवा वृत्तीवरून आलेली आडनावे आहेत आणि ती परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या असंख्य घरांत आहेत. हुद्दा मिळाला की आडनाव बदलते: पेशव्यांचे मूळ आडनाव भट, आणि ते श्रीवर्धनचे. त्यामुळे एका विशिष्ट पिढीच्या मागे आपले आडनाव सापडेनासे झाले, तर कागद संपले असे न मानता आधीचे आडनाव वेगळे होते का, हे वृत्ती, कुलदैवत आणि गोत्र यांच्या आधाराने पाहावे. मॉरिशसमधील मराठी घराण्यांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारावर गेलेल्या मजुरांच्या नोंदी परक्या लेखनिकांनी केल्या आणि पूर्वजाचे एकेरी नावच पुढे आडनाव होऊन बसल्याची उदाहरणे तेथे पुष्कळ आहेत. तेच आडनाव रत्नागिरीत शोधत बसणे निष्फळ ठरते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या स्थलांतरितांच्या नोंदींतून आधी गावाचे नाव काढावे आणि मग इकडे वळावे.

गावाच्या नावात खुर्द की बुद्रुक हे पहिल्या दिवशीच विचारून घ्यावे. वडगाव आणि पिंपळगाव या नावांची गावे तर जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. उजनी किंवा कोयना धरणाखाली गेलेल्या गावांच्या बाबतीत आजची वस्ती मूळ जागेवर नसते. जिल्हेही बदलले आहेत: सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून निघाला, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून. त्यामुळे ‘या जिल्ह्यात नोंद नाही’ असे लिहिण्यापूर्वी त्या सालात ते गाव कोणत्या जिल्ह्यात किंवा संस्थानात होते ते पाहावे. न सापडलेल्या नोंदीबद्दलही वहीत लिहावे, आणि कोणकोणती वर्षे पाहिली तेही. पाहिले नाही आणि सापडले नाही, यांतला फरक पुढे फार उपयोगी पडतो.

सांगितलेली आणि छापलेली वंशावळ

त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळी (तीर्थाला आलेल्या यजमानांच्या कुटुंबांच्या नोंदवह्या), कोल्हापूर-सांगली-सोलापूर भागात घराण्यांच्या पिढ्या सांगत फिरणारे हेळवी आणि विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी छापलेले कुलवृत्तांत, हे तिन्ही आधार मोलाचे आहेत. पण नामावळीत जो माणूस स्वतः लिहून गेला, त्याने आपल्या भावांची आणि मुलांची नावे डोळ्यांदेखतची म्हणून लिहिली आणि खापरपणजोबांची आठवणीतून. दोन्हींचे वजन सारखे नाही. कुलवृत्तांतात प्रारंभीच्या दोन-तीन पिढ्यांना कागदाचा आधार दिला आहे की केवळ परंपरा, हे पाहावे. दोन ठिकाणी तेच नाव मिळाले म्हणून आनंद होतो, परंतु कुलवृत्तांतकर्त्याने ते नाव नामावळीतूनच घेतले असेल तर पुरावे दोन नसून एकच आहे. अशी एक नक्कल उघडकीस आली की त्या पुस्तकातून घेतलेल्या प्रत्येक नावासमोर ‘स्वतंत्र आधार हवा’ अशी खूण करावी.

मोडी कागद वाचून घेताना आपल्याला कोणते नाव अपेक्षित आहे हे वाचकाला आधी सांगू नये. मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे सुचवलेले नाव प्रामाणिक वाचकालाही त्या अक्षरांत दिसू लागते. एका जाणकाराचे वाचन झाल्यावर तोच कागद, पहिले वाचन न दाखवता, दुसऱ्या जाणकाराला द्यावा. या दोन वाचनांत जेथे फरक पडेल ती जागाच खरी अभ्यासाची असते.

वगळलेली माणसे

बहुतेक वंशावळींतील सर्वांत मोठी चूक म्हणजे लेकींची नावे नसणे. ही नावे मिळत नाहीत असे नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या वारसनोंदींत मुली येऊ लागतात, आणि भावांच्या नावे केलेल्या हक्कसोडपत्रांत त्यांचे सासरचे नाव, गाव आणि वय असे तिन्ही असते. ज्या घराण्यात पुरुषांची नावे चार पिढ्यांत फिरत राहिली, तेथे कोणता गोविंद कोणता हे पुष्कळदा बहिणीच्या सासरच्या गावावरूनच सुटते. एकाच पुरुषाच्या दोन पत्नी असतील तर मुले कोणत्या आईची हे वेगळे लिहावे. थोरलीची मुले धाकटीच्या नावावर घातल्याने वयांचा मेळ बसेनासा होतो.

दत्तकविधानाची बाब अशीच आहे. एका माणसाचे दोन बाप दिसले की एक नोंद चुकीची ठरवून पुसून टाकण्याचा मोह होतो. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले आणि सयाजीराव झाले. त्यांच्या दोन्ही घराण्यांच्या नोंदी खऱ्या आहेत. घरगुती वंशावळीतही जनक घराणे तुटक रेषेने आणि दत्तक घराणे सरळ रेषेने, अशी दोन्ही दाखवावीत. हयात माणसांच्या बाबतीत मात्र ही माहिती त्यांची परवानगी घेतल्याशिवाय प्रतीत घालू नये.

दुरुस्तीची नोंद

चुकीचे नाव पांढऱ्या शाईने झाकू नये आणि संगणकातील फायलीतून निमूटपणे काढूनही टाकू नये. त्यावर एक रेघ ओढून खाली तारीख, चुकीचे कारण आणि दुरुस्तीचा आधार लिहावा, कारण तेच नाव दहा वर्षांनी दुसऱ्या एखाद्या कागदात पुन्हा भेटते आणि ते आधी का नाकारले होते हे आठवत नाही. चूक एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेल्या माहितीतली असेल तर त्यांनी सांगितलेले वाक्यही जपून ठेवावे. त्यांनी सांगितलेली घटना खरी असते आणि फक्त पिढी सरकलेली असते, असे अनेकदा आढळते.

प्रती वाटल्या असतील तर कोणाकोणाकडे कोणत्या तारखेची प्रत आहे याची यादी ठेवावी आणि प्रत्येकाला स्वतंत्र शुद्धिपत्र पाठवावे. त्यात ‘काही दुरुस्त्या केल्या आहेत’ असे मोघम न लिहिता नेमके लिहावे: ‘पान ७ वरील गोविंद रामजी ही एक व्यक्ती नसून आजोबा आणि नातू अशा दोन व्यक्ती आहेत, मध्ये रामजी गोविंद हे नाव घालावे, आधार वाटणीचा फेरफार, छायाचित्र सोबत.’ ज्यांना नवी प्रत छापून घेणे शक्य नसेल त्यांनी जुन्या प्रतीवर हाताने तेवढा बदल करून खाली सही-तारीख घालावी, आणि त्यांच्याकडे याविरुद्ध काही कागद असल्यास त्याचा फोटो पाठवावा, अशी विनंती त्याच पत्रात करावी.